खारकिव्ह : भिंतीवरची जाळी आणि ऑनलाइन डिग्री

[दृश्य : मेट्रोचा जिना, खाली उतरणारी पोरं, पाठीला सॅक]

हे स्टेशन बघा. नावच 'युनिव्हर्सिटेट'. वर फ्रीडम स्क्वेअर, एवढा मोठा चौक की ड्रोन शॉटमध्येसुद्धा एका फ्रेममध्ये मावत नाही, आणि चौकाला लागून काराझिन विद्यापीठ, १८०४ सालचं, म्हणजे आपल्या मुंबई विद्यापीठाहून पन्नासेक वर्षांनी जुनं. खारकिव्ह हे युक्रेनमधलं दुसऱ्या नंबरचं शहर, विद्यार्थ्यांचं शहर म्हणूनच ओळखलं जायचं, आणि रशियाची बॉर्डर इथून किती लांब? पुण्यातून तळेगाव जेवढं, साधारण तेवढी.

आता एवढ्या जवळून मिसाइल सुटलं की ते मिनिटाच्या आत पोचतं. त्यामुळे इथे भोंगा वाजतो, मग पळतात, असं प्रत्येक वेळी होत नाही. बऱ्याचदा आधी धडाम आणि नंतर भोंगा. मोबाइलवर अलर्टचं ॲप सगळ्यांकडे आहे, पण पोरं ते बघून फक्त मान हलवतात.

[दृश्य : प्लायवूड ठोकलेल्या खिडक्या, आतून लेक्चर हॉल]

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने पूर्ण ताकदीने हल्ला केला आणि त्याच दिवशी मेट्रोच्या गाड्या थांबल्या, स्टेशनं घर झाली. प्लॅटफॉर्मवर गाद्या, डब्यांमध्ये आजी-आजोबा, कुत्री-मांजरं, सगळं. १ मार्चला याच चौकातल्या सरकारी इमारतीवर मिसाइल पडलं, दुसऱ्या दिवशी विद्यापीठाची एक इमारत जळाली. गाड्या परत धावायला २४ मे उजाडला. त्या वेळचं शूट आमच्याकडे नाहीये, म्हणून इथेच सोडतो.

आम्हाला जे बघायला मिळालं ते नंतरचं, आणि माझ्या मते जास्त अवघड. कारण पहिल्या आठवड्यांत भीती असते आणि भीतीत माणूस काहीतरी करत असतो. वर्षं सरतात तेव्हा काय?

[दृश्य : फ्लॅटचा पॅसेज, जमिनीवर लॅपटॉप, चार्जर, चादर]

ही सोशिऑलॉजीची स्टुडंट. नाव घेऊ नका म्हणाली. तिचं 'कॉलेज' हे आहे, बाथरूम आणि किचनच्या मधला हा पॅसेज. इथे 'दोन भिंतींचा नियम' म्हणतात, म्हणजे तुमच्या आणि रस्त्याच्या मध्ये कमीत कमी दोन भिंती पाहिजेत, पहिली भिंत स्फोट खाते, दुसरी काचा आणि तुकडे अडवते. मग लेक्चर पॅसेजमध्ये, झोप पॅसेजमध्ये, परीक्षाही पॅसेजमध्ये. रात्री ड्रोन येतात, त्यांना इथे सगळे 'मोपेड' म्हणतात कारण आवाजच तसा, फटफट करत डोक्यावरून जातं आणि तुम्ही पडल्या पडल्या ऐकत राहता की आवाज लांब जातोय का थांबलाय. सकाळी नऊला हजेरी.

हिची बॅच २०२० ची. आधी कोविड म्हणून ऑनलाइन, मग युद्ध म्हणून ऑनलाइन. चार वर्षांची डिग्री संपली आणि वर्गातल्या निम्म्या जणांना ती फक्त स्क्रीनवरच्या चौकोनात ओळखते. कोणी पोलंडमध्ये, कोणी जर्मनीत, कोणी युक्रेनच्याच पश्चिमेला ल्विव्हमध्ये मावशीकडे, सर स्वतः दुसऱ्याच शहरातून शिकवतात. लाइट गेली की चौकोन एकेक करून काळे. ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने वीजकेंद्रांवर हल्ले सुरू केले तेव्हापासून हे नेहमीचंच, टाइमटेबल कॉलेजचं नाही, लोडशेडिंगचं चालतं.

तिला विचारलं, सगळ्यात वाईट काय? आम्हाला वाटलं मिसाइल म्हणेल. ती म्हणाली, कोणाबरोबर कॉफी प्यायला जाऊ असं डोक्यातच येत नाही आता.

[दृश्य : जाळी. क्लोज-अप, बोटं]

आणि आता हे, सैन्याच्या गाड्या-तोफा लपवायची जाळी, पोरं हाताने विणतायत. हे नीट बघा, कारण या फिल्मचं कारणच हे आहे.

भिंतीला लाकडी चौकट, चौकटीवर ताणलेलं जुनं मासेमारीचं जाळं. बाजूला पोत्यांमध्ये कपडे, जुन्या पँटी, चादरी, काय मिळेल ते, सगळं फाडून दोन-तीन बोटं रुंदीच्या पट्ट्या केलेल्या. रंग ऋतूप्रमाणे. उन्हाळ्यात हिरवा आणि मातकट, पानगळीला तपकिरी, बर्फ पडला की पांढरा आणि थोडा राखाडी, कारण नुसता पांढरा बर्फावर ओळखू येतो. पट्टी जाळ्याच्या एका घरातून घालायची, दुसऱ्यातून काढायची, तिरकी न्यायची, गाठ मारायची. सरळ ओळ झाली तर उसवा, निसर्गात सरळ ओळ नसते, असं इथली सुपरवायझर बाई ओरडते (सुपरवायझर म्हणजे कोण, लायब्ररीतल्या बाई आहेत, रिटायर्ड). मग मधूनमधून मागे जाऊन उजेडाविरुद्ध बघायचं कुठे भोक राहिलंय का. झाली की गुंडाळून फ्रंटवर, गाड्या आणि तोफा झाकायला.

शेजारच्या टेबलावर मेणबत्त्या. रिकामा पत्र्याचा डबा, आत पुठ्ठ्याची गुंडाळी, वरून वितळलेलं मेण. खंदकात याच्यावर चहा होतो, हात शेकता येतात.

इथे कोणी कोणाला 'तुला कसं वाटतंय' विचारत नाही. गप्पा फालतू चालतात, कोणाचं ब्रेकअप झालं, कोणते सर पेपर कडक तपासतात. पण पॅसेजमधली ती मुलगी इथे आली की दोन तास फोन बघत नाही, हे आम्ही कॅमेऱ्यातून बघितलंय.

[दृश्य : जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो, मग परत बोटं]

गंमत म्हणजे हे शहर मानसशास्त्रातलं छोटं-मोठं नाव नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, खारकिव्ह तेव्हा सोव्हिएत युक्रेनची राजधानी होतं, मानसशास्त्रज्ञ अलेक्सेई लिऑन्टिएव्ह मॉस्कोहून इथे आले, अलेक्झांडर लुरियाही आले, झापोरोझेत्स होते, आणि इथे जे उभं राहिलं त्याला पुढे खारकिव्ह स्कूल म्हणायला लागले. त्यांचं म्हणणं सोप्या भाषेत असं की मन हे डोक्यात बसून तयार होत नाही, माणूस जे काम करतो त्या कामातून घडतं. मग दुसरं महायुद्ध आलं आणि लिऑन्टिएव्ह, झापोरोझेत्स हॉस्पिटलमध्ये, हाताला गोळी लागलेल्या सैनिकांबरोबर. त्यांनी बघितलं की 'हात जेवढा वर जाईल तेवढा ने' म्हटलं की हात कुठेतरी अडकतो, पण समोर एखादी वस्तू ठेवून 'ती घे' म्हटलं की तोच हात आणखी वर जातो. हात तोच, जखम तीच, फक्त काम खरं.

या पोरांना हे कोणी शिकवून जाळीला बसवलं नाहीये. पण काउन्सेलिंग म्हणजे खुर्ची, बंद दार आणि फॉर्म एवढंच ज्यांना वाटतं त्यांनी हे फुटेज दोनदा बघावं.

काउन्सेलर नकोत असं म्हणत नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार युद्ध भोगलेल्या भागात पाचातल्या एका माणसाला डिप्रेशन, अँग्झायटी, पीटीएसडी (भयंकर अनुभवानंतर मनावर राहिलेला आघात) असं काही ना काही असतं, ते जाळीने बरं होत नाही. आणि मुलांचं, म्हणजे मुलग्यांचं, वेगळंच. एप्रिल २०२४ पासून सैन्यात सक्तीच्या भरतीचं किमान वय २७ वरून २५ वर आलं, आता ही पोरं वाढदिवस उलटे मोजतात. त्यावर कॅमेऱ्यासमोर कोणी बोललं नाही.

[दृश्य : बातम्यांचे जुने क्लिप, विमानतळ, हार]

आपली पोरं पण इथेच होती. खारकिव्हमध्ये मेडिकलला, महाराष्ट्रातलीसुद्धा. २ मार्च २०२२ ला भारतीय दूतावासाने सांगितलं की लगेच शहर सोडा, संध्याकाळी सहाच्या आत पिसोचिन, बाबाई, बेझल्युदिव्हका ही जवळची गावं गाठा, गाडी नसेल तर चालत. आदल्याच दिवशी कर्नाटकातला एक मुलगा याच शहरात हल्ल्यात गेला होता. सरकारचं ऑपरेशन गंगा आणि त्याच्या आधीची विमानं धरून साडेबावीस हजारांच्या आसपास भारतीय परत आले, विमानतळावर ढोल, पेढे, मंत्री. पुढचं वर्षभर चर्चा एकच, ॲडमिशनचं काय, आणि ती महत्त्वाची होती, सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. पण रात्री झोप लागते का, दिवाळीत लवंगी माळ लागली की काय होतं, हे विचारणारं खातं कुठलं होतं?

ही पोरं मार्चमध्ये आली. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू झाली ऑक्टोबर २०२२ मध्ये. नंबर १४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. नंबर स्क्रीनवर ठेवतोय, युक्रेनहून परत आलेलं कोणी ओळखीत असेल तर त्यांना पाठवा, आणि पाठवून गप्प बसू नका, जेवायला पण बोलवा.