करून दाखवणारा शिक्षक

श्रोतेहो, नमस्कार.

वर्गात उभा राहणारा प्रत्येक शिक्षक काही अंशी नट असतोच. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवणे, कुठे थांबायचे ते ओळखणे आणि वर्षानुवर्षे शिकवलेला धडा आजच उमगल्यासारखा मांडणे, ही सगळी रंगमंचावरचीच कौशल्ये आहेत. नाट्यशास्त्राच्या वर्गात मात्र हेच कौशल्य अडचणीचे ठरू शकते.

मराठी रंगभूमीवर पूर्वी तालीम मास्तर असत. १८९९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत शारदा’चे कर्ते गोविंद बल्लाळ देवल हे त्यांतले थोर नाव. बेळगावात शाळाशिक्षक असलेले देवल किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि पुढे नटांच्या तालमी घेऊ लागले. मास्तरांनी ओळ म्हणून दाखवायची आणि नटाने ती उचलायची, ही तालमीची जुनी रीत होती. लहान वयात नाटक मंडळीत आलेल्या मुलांना तिचा उपयोगही झाला असेल. पण हातात आलेला विद्यार्थी अठरा-वीस वर्षांचा असेल, तर ही रीत बरीचशी शिक्षकाच्याच सोयीची असते.

छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग आहे आणि युवक महोत्सवाच्या निमित्ताने मराठवाड्यातल्या लहानसहान महाविद्यालयांतही एकांकिका बसवल्या जातात. घरी ‘का’ला ‘कामून’ आणि ‘माझं’ला ‘महं’ म्हणणाऱ्या मुलाला शिक्षकाने आपल्या घोटीव उच्चारात वाक्य म्हणून दाखवले, की तो ते तसेच्या तसे उचलतो; उच्चार सुधारतो, पण वाक्यातला राग निघून जातो, कारण तो राग त्याच्या बोलीत होता. प्रमाण उच्चार जरूर शिकवावेत. आधी मात्र तेच वाक्य त्याला त्याच्या बोलीत बोलू द्यावे, तो श्वास कुठे घेतो, जोर कोणत्या शब्दावर देतो हे निमूटपणे ऐकावे आणि मग तो जोर सांभाळत प्रमाण भाषेकडे वळावे. आकाशवाणीवर बोलणाऱ्याजवळ वाचिकावाचून, म्हणजे आवाजाने करायच्या अभिनयावाचून, दुसरा अभिनयच नसतो, म्हणून कदाचित हा माझा आग्रह इथे जरा अधिक वाढला असेल.

शिष्याने गुरूचे किती घ्यावे, हे पैठणच्या नाथांकडे पाहून समजते. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे शिकलेल्या एकनाथांनी आपल्या रचनांत ‘एका जनार्दनी’ अशी गुरूच्या नावासह नाममुद्रा वापरली. परंतु भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी अशी सोंगे घेऊन लोकांच्या तोंडच्या भाषेत ते जे बोलले, ते त्यांचे स्वतःचे होते.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. नाटक बसवणारा आणि गुण देणारा एकच असला, की विद्यार्थी समोरच्या पात्राकडे पाहायचे सोडून सरांच्या चेहऱ्याकडे पाहत अभिनय करतो. तेव्हा प्रात्यक्षिकाचे गुण शक्यतो बाहेरच्या परीक्षकांकडे सोपवावेत आणि प्रयोगाच्या दिवशी शिक्षकाने पहिली रांग सोडून मागे, विद्यार्थ्याला दिसणार नाही अशा ठिकाणी बसावे.