ह्यूमन६८के : डॉससारखी दिसते, पण डॉस नाही

नमस्कार. शार्प कंपनीचा एक्स६८००० हा संगणक मार्च १९८७मध्ये जपानच्या बाजारात आला. किंमत ३,६९,००० येन, आत १० मेगाहर्ट्झचा मोटोरोला ६८००० प्रोसेसर, १ एमबी मेमरी आणि पडद्यावर एका वेळी ६५,५३६ रंग. या यंत्राचा विषय निघाला की गप्पा खेळांकडे वळतात. आज मात्र आपण त्या खेळांच्या खाली असलेली ऑपरेटिंग सिस्टिम बघणार आहोत. तिचं नाव ह्यूमन६८के. हडसन सॉफ्ट आणि शार्प यांनी ती मिळून घडवली. समोर ‘ए>’ असा प्रॉम्प्ट येतो, फाइलींची यादी दाखवणारी ‘डीआयआर’ ही आज्ञा चालते, सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट या फाइलीही असतात. डॉस, म्हणजे विंडोजच्या आधीची, आज्ञा टाइप करून चालवायची प्रणाली, वापरलेल्या माणसाला हे घरचंच वाटतं, आणि तिथेच त्याची फसगत होते.

मूळ यंत्रं आता फार उरलेली नाहीत. जी आहेत त्यांचे कपॅसिटर गळतात, पॉवर सप्लाय दगा देतात. त्यामुळे एमुलेटर, म्हणजे आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, हाच खरा मार्ग. त्यात कायद्याचीही अडचण नाही, कारण शार्पनं २००० साली आयपीएल रॉम (यंत्र सुरू करणारा, चिपमध्ये कोरलेला प्रोग्राम), ह्यूमन६८के आणि आपला सी कंपायलर विनामूल्य उपलब्ध करून दिला. जुन्या प्रणालींच्या बाबतीत इतकं औदार्य क्वचितच दिसतं, त्याबद्दल शार्पचे आभारच मानायला हवेत.

विंडोजवर एक्सएम६ टाइप-जी घ्या. लिनक्स किंवा मॅक असेल, तर जावावर चालणारा एक्सईआयजे घ्या. आयपीएल रॉमची फाइल बरोबर १,३१,०७२ बाइटची असते आणि अक्षरांच्या रॉमची ७,८६,४३२ बाइटची. आकार जुळला नाही तर पुढे जाऊच नका. ह्यूमन६८के ३.०२ ची फ्लॉपी एलझेडएच या जपानी संकुचित स्वरूपात मिळते, सेव्हन-झिपनं ती उघडते.

फ्लॉपीचा हिशेब नीट समजून घ्या. दोन बाजू, प्रत्येकी ७७ ट्रॅक, ट्रॅकवर ८ सेक्टर, सेक्टरमध्ये १,०२४ बाइट. एकूण १२,६१,५६८. एक्सडीएफ प्रतिमा, म्हणजे फ्लॉपीची जशीच्या तशी प्रत असलेली फाइल, नेमकी एवढीच असते. डिम नावाच्या दुसऱ्या प्रकारात आधी २५६ बाइटचं शीर्षक असतं. डिमचं नुसतं नाव बदलून ‘एक्सडीएफ’ केलं, तर सगळे सेक्टर २५६ बाइटनी सरकतात आणि यंत्र बूटच होत नाही. शंका आली की आधी आकार बघा.

आता मेमरी. एमुलेटरमध्ये १२ एमबी निवडली, तरी ह्यूमन६८के कमीच दाखवते असं पुष्कळदा होतं. कारण मेमरीचा आकार बॅटरीवर टिकणाऱ्या १६ केबीच्या एसरॅममध्ये लिहिलेला असतो आणि तिथे जुनाच आकडा राहिलेला असतो. स्विच.एक्स हा सेटिंग बदलण्याचा प्रोग्राम चालवून तो बदला, मग रीसेट करा.

आपल्याकडचे कीबोर्ड अमेरिकी मांडणीचे, हे यंत्र मात्र जपानी मांडणीचं. एमुलेटर कळांची जागा पाहून अक्षर ठरवत असेल, तर शिफ्ट आणि अर्धविरामाच्या कळीनं अपूर्णविरामाऐवजी अधिक चिन्ह उमटतं. अपूर्णविराम त्याच्या उजवीकडच्या कळीवर असतो. फोल्डरच्या मार्गातल्या उलट्या तिरप्या रेघेच्या जागी येनचं चिन्ह दिसतं. ते बिघाडाचं लक्षण नाही, त्या मांडणीत त्या कोडला तेच चिन्ह आहे. ‘बी:’ लिहिता येत नाही म्हणून एमुलेटरला दोष देण्याआधी कळांची जुळणी तपासा. ड्राइव्हची अक्षरंही वेगळ्या पद्धतीनं ठरतात. ज्या ड्राइव्हवरून बूट केलं तोच ‘ए’, मग तो हार्ड डिस्क का असेना.

फाइलींच्या नावांची रचना मला विशेष आवडते. डॉसच्या ३२ बाइटच्या नोंदीत ८ बाइट नाव, ३ बाइट विस्तार, १ बाइट गुणधर्म, आणि पुढचे १० बाइट राखीव ठेवलेले. ह्यूमन६८केनं त्या दहा बाइटांत नावाचा उरलेला भाग बसवला. त्यामुळे नाव १८ अक्षरांचं झालं. पण ओळख पटवताना मूळ प्रणाली पहिली ८ अक्षरंच बघते. ‘डॉक्युमेंट’ हे इंग्रजीत बरोबर आठ अक्षरी नाव. त्यापुढे ‘वन’ आणि ‘टू’ जोडून दोन फाइली केल्यात, तर दुसरी पहिलीवर लिहिली जाईल. ट्वेंटीवन हा मेमरीत बसून राहणारा छोटा प्रोग्राम आधी चढवला की नावाची १८ आणि विस्ताराची ३ अशी पूर्ण २१ अक्षरं मोजली जातात.

खरा फरक मात्र प्रोसेसरच्या पातळीवर आहे. ६८०००ला जिचा सोळा-आधारी कोड ‘एफ’नं सुरू होतो अशी आज्ञा कळत नाही, म्हणून तो ११ व्या अपवादाकडे, म्हणजे अशा अडचणीसाठी ठरवून ठेवलेल्या कोडकडे, उडी मारतो. ह्यूमन६८केनं ही उडीच आपलं दार केली. ‘एफएफ’ आणि पुढे कामाचा क्रमांक, झाला सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रामनं प्रणालीकडे केलेली कामाची मागणी. क्रमांक बहुतेक डॉसचेच आहेत: ०९ म्हणजे छापणं, ३डी म्हणजे फाइल उघडणं. पण डॉसमध्ये मजकूर डॉलर चिन्हावर संपतो, इथे शून्य बाइटवर. डॉसच्या सवयीनं शेवटी डॉलर ठेवलात, तर डॉलर छापला जाईल आणि त्यामागचा कचराही.

शार्पच्या कंपायलरसोबत येणाऱ्या एएस.एक्स (असेंब्ली भाषेचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा) आणि एलके.एक्स (त्यातून चालणारी फाइल जोडणारा) या प्रोग्रामांनी एक ओळ छापून बघा. ‘पीईए’ या आज्ञेनं मजकुराचा पत्ता स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या थप्पीवर, ठेवा, ‘एफएफ०९’ हा शब्द लिहा, स्टॅक ४ नं पुढे सरकवा, आणि ‘एफएफ००’ देऊन बाहेर पडा. स्टॅक सरकवायचं विसरलात, तर एकदाच छापताना काही कळणार नाही. तेच लूपमध्ये केलंत, तर दर फेरीला चार बाइट वाया जाऊन शेवटी प्रोग्राम कोसळेल. मजकुरानंतर पुन्हा कोड लिहिणार असाल, तर मध्ये ‘इव्हन’ हा निर्देश द्या, कारण विषम पत्त्यावरची आज्ञा ६८००० वाचतच नाही, थेट पत्त्याची चूक दाखवतो. एक्सईआयजेमध्ये रजिस्टरांची (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यांची) खिडकी उघडी ठेवून एकेक आज्ञा चालवलीत, तर ‘एफएफ०९’वर प्रोग्राम काउंटर, म्हणजे आज्ञेचा पत्ता धरणारं रजिस्टर, तुमच्या कोडमधून निघून ह्यूमन६८केच्या आत शिरताना दिसेल.