शाळा सोडण्याचे कारण

नमस्कार श्रोतेहो.

मी शिक्षक नाही, हे आधीच सांगून टाकतो. शाळेविषयी रेडिओवर बोलायचं म्हटलं की मुख्याध्यापकांना बोलावतात, नाहीतर एखाद्या मोठ्या झालेल्या माजी विद्यार्थ्याला. मी सोलापूरच्या गावठाणातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत लिपिक होतो. मुलं क्लार्क सर म्हणायची. खडू कधी हातात धरला नाही, हातात असायचं ते जनरल रजिस्टर, शाळेत आलेल्या-गेलेल्या प्रत्येक मुलाच्या नोंदीचं.

शाळेचं नाव घेत नाही. बाळीवेस ते कन्ना चौक या पट्ट्यात राहिलेल्या माणसाला मी सांगतोय ती आपलीच शाळा वाटेल, आणि तसं वाटलं तर वाटू द्या. ह. दे., नॉर्थकोट, सेवासदन ही सोलापुरातली मोठी नावं, त्यांच्याविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. आमची शाळा म्हणजे पुढं अरुंद बोळ, मागं यंत्रमागाची खडखड आणि मध्ये दोन मजले.

२०२३ च्या दिवाळीच्या आगेमागे राज्यभर शाळांची जुनी कपाटं उघडली गेली, ते तुम्हाला आठवत असेल. कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं होतं. मी निवृत्त झालो होतो, तरी शाळेतून फोन आला, "सर, जुन्या कपाटाचं कुलूप तुमच्याशिवाय कुणाला निघत नाही." त्यात अवघड काही नाही, किल्ली घालून जरा वर उचलायची आणि मग डावीकडं फिरवायची. पण हे कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. गेलो. तांबड्या कापडात बांधलेली रजिस्टरं एकेक करून टेबलावर आली. मोडीतली दप्तरं प्राथमिक शाळांकडं जास्त. आमच्याकडची सगळ्यात जुनी पानं इंग्रजीत, टाकानं लिहिलेली, शाई तपकिरी झालेली. शोधणारे लोक जातीच्या रकान्यावर बोट ठेवून खाली खाली जात होते. माझी नजर मात्र सवयीनं शेवटच्या रकान्याकडं जायची, 'शाळा सोडण्याचे कारण'.

त्याच्याकडं येतो. आधी मधले रकाने.

जन्मतारखेचा रकाना वाचून नवा माणूस चक्रावेल. अर्ध्या सोलापूरचा जन्म १ जूनचा! बाप मुलाला घेऊन शाळेत यायचा, तारीख विचारली तर म्हणायचा, "लिहा की गुरुजी, वय बसेल तशी." शाळा जूनमध्ये सुरू होणार, म्हणून गुरुजी १ जून लिहायचे. नोकरी, निवृत्ती, पेन्शन, माणसाचं सगळं आयुष्य मग त्या तारखेवर चालायचं.

बापाच्या धंद्याचा रकाना घ्या. जुन्या रजिस्टरात तिथं पानंच्या पानं 'मिल कामगार'. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी आल्या आणि सोलापूर भोंग्यावर उठायला लागलं. आमच्या शाळेचे जुने शिपाई सांगायचे, की घंटा देताना घड्याळापेक्षा भोंग्यावर भरवसा जास्त. पुढं त्याच रकान्यात 'विणकर' वाढत जातात, 'यंत्रमाग कामगार' येतात, 'मिल' विरळ होत होत एका पानानंतर दिसतच नाही. सोलापूरच्या गिरण्या कधी बंद पडल्या यावर लोक वाद घालतात. मला विचाराल तर त्या बापाच्या धंद्याच्या रकान्यातून नाहीशा झाल्या तेव्हा.

आईच्या धंद्याला रकाना नव्हता. कित्येक वर्षं आईच्या नावालाही नव्हता. पूर्व भागातल्या घराघरांत बायका विड्या वळून घर चालवायच्या, आजही चालवतात. कारखान्यातून पान आणि तंबाखू आणायची, पान भिजवून मापानं कापायचं, वळायचं, दोरा बांधायचा आणि मोजून परत नेऊन द्यायच्या. मजुरीचा हिशोब हजारावर. आमच्याकडं याचा पत्ता लागायचा तो विडी कामगारांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज यायचे तेव्हा. आईचं कार्ड जोडावं लागायचं, त्याच्या कडांना तंबाखूचा वास. महिनाभर माझ्या टेबलाला तो वास राहायचा.

मातृभाषेचा रकाना आमच्या शाळेचं वैभव. तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी, मधूनच एखादी गुजराती. शाळा मराठी माध्यमाची, पण निम्मा वर्ग घरी दुसरंच काही बोलणारा. आमच्या एका मराठीच्या बाई होत्या. पाचवीतला एक तेलुगू मुलगा निबंधात लिहायचा, 'माझा आई लवकर उठतो.' आधीच्या गुरुजींनी अशा वह्या लाल करून टाकल्या असत्या. बाई त्याला म्हणाल्या, "हे तुमच्या घरी कसं म्हणतात ते सांग." त्यानं सांगितलं. मग कानडी घरातल्या मुलीला विचारलं, मग मोमीनांच्या पोराला. फळ्यावर चार भाषांत एकच वाक्य देवनागरीत लिहिलं आणि म्हणाल्या, "आता क्रियापद कुठं कुठं बदलतंय ते शोधा." तो तास मी खिडकीतून पाहिला, कारण सूचनेची वही घेऊन सही घ्यायला गेलो होतो आणि आत जायला मन होईना. सुट्टीत मात्र सगळे एकाच भाषेत, "काय करायलास बे?" ही सोलापुरी मराठी कुठल्याही पुस्तकात नाही, ती आमच्या मैदानात झाली. मैदान म्हणतो खरं, ते होतं एवढंसं अंगण.

राहण्याच्या पत्त्यात एक शब्द पुन्हापुन्हा येतो, 'सेटलमेंट'. इंग्रजांनी काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं आणि तारेच्या कुंपणात ठेवलं, त्यातली एक मोठी वसाहत सोलापुरात. १९५२ च्या ऑगस्टअखेर तो कायदा गेला. पत्ता मात्र गेला नाही, आजही रिक्षावाल्याला तेच नाव सांगावं लागतं. कायदा गेल्यानंतरच्या पानांवर एकाखाली एक अशी त्या पत्त्याची तीन-चार नावं सापडली, एकाच दिवशी दाखल झालेली. कोण घेऊन आलं होतं त्यांना, हे रजिस्टर सांगत नाही.

मुळात हायस्कूलपर्यंत पोचणं हीच फार थोड्यांची गोष्ट होती. बाबासाहेबांची बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ च्या जुलैत स्थापन झाली आणि सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ ला, सभेनं सोलापुरात हायस्कूलच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. कपडे, जेवण, वह्या-पुस्तकं सभेची. नगरपालिकेनं महिना ४० रुपये अनुदान दिलं. मुलगा हुशार असून भागत नाही, त्याला शहरात निजायला जागा लागते, हे त्यांनी ओळखलं होतं.

१९३० साठी मी मुद्दाम पानं उलटली. मे महिन्यात शहरात गोळीबार झाला, मार्शल लॉ लागला, पुढं १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. आमच्या रजिस्टरात यातलं अक्षर नाही. मेमध्ये शाळेला सुट्टी होती ना! पण १२ जानेवारीला चार हुतात्मा चौकाकडं जाणारी मुलांची प्रभातफेरी मी वर्षानुवर्षं पाहिली आहे, थंडीत कुडकुडत घोषणा देणारी. लगेच गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. नंदीध्वज निघाले, अक्षता झाल्या, की वर्ग ओस. आणि दहावीची पूर्वपरीक्षा नेमकी त्याच सुमारास. दर वर्षी वेळापत्रक लावताना गणिताचे सर म्हणायचे, "भूमितीचा पेपर दारूकामाच्या दुसऱ्या दिवशी ठेवू नका हो, पोरं झोपेत वर्तुळं काढतात."

अभ्यासाचं म्हणाल तर आमच्या दर्शनी भिंतीवर गुणवंतांचा फलक आहे, आधी मॅट्रिक, १९४९ पासून एसएससी. १९७५ ला त्यावर दोन नावं आहेत, कारण त्या साली जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली अशा दोन्ही परीक्षा झाल्या. फलक रंगवणाऱ्याला जागा पुरली नाही, म्हणून एक नाव बारीक आहे. माझ्या मते शाळेचा खरा अभ्यास रात्री व्हायचा. एका खोलीत सात माणसं आणि कोपऱ्यात माग, अशा घरात मूल वाचणार कुठं? म्हणून दहावीचे दोन वर्ग रात्री उघडे ठेवायचे. डबे आणायचे, दहानंतर सतरंजीवर आडवे व्हायचे, पहाटे शिपाईमामा उठवायचे. त्याचं अनुदान कधी मिळालं नाही. विजेचं बिल मी कुठल्या शीर्षाखाली टाकायचो, ते आता सांगायला हरकत नाही, पण नकोच.

आता शेवटचा रकाना. 'शाळा सोडण्याचे कारण.' जुन्या इंग्रजी पानांवर साध्या शब्दांत लिहिलेलं सापडतं, गिरणीत लागला, वारला, फी थकली. १९५९ मध्ये ईबीसी, म्हणजे आर्थिक मागासांसाठीची, सवलत आली, कमी उत्पन्न असलेल्यांची फी माफ झाली, आणि 'फी थकली' हे कारण आमच्या रजिस्टरातून जवळजवळ गेलं. सरकारी योजनेचा एवढा स्पष्ट परिणाम मी दुसरा पाहिला नाही. पण त्याच सुमारास कारणांची भाषाही गुळगुळीत झाली. 'पुढील शिक्षणासाठी.' 'पालकांच्या इच्छेनुसार.' 'सतत गैरहजर, सबब नाव कमी.' मीही हेच लिहिलं. ठरलेली वाक्यं असली की हात भरभर चालतो. पोरगं मागावर लागलं हे ठाऊक असायचं, तरी लेखणीतून उतरायचं 'पालकांच्या इच्छेनुसार'. ही माझी चूक, दुसऱ्या कुणाची नाही.

अलीकडं एक कारण फार येतं, 'पालकांचे स्थलांतर'. २००६ मध्ये शहराबाहेर कुंभारीला विडी कामगार बायकांची १० हजार घरकुलं झाली. जानेवारी २०२४ मध्ये रे नगरात आणखी १५ हजार घरांच्या चाव्या मिळाल्या. बायकांनी लढून मिळवलेली हक्काची घरं, आनंदच आहे. पण पेठेतली पोरं तिकडं गेली. ३० सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरतं, पट घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतात. त्या दिवशी आमचे शिक्षक सायकली घेऊन गल्लोगल्ली मुलं शोधत फिरतात. कुंभारीहून बसनं येणारी तीसेक मुलं अजून आहेत. त्यांना विचारलं, जवळ शाळा असताना इतक्या लांब कशाला? एक म्हणाला, "आमचे पप्पा पण ह्याच शाळेत होते की." पप्पाचं नाव मी शोधलं. सापडलं. नववीतून गेले होते.

त्या दिवाळीत, आमची ती शोधाशोध चालू असताना, एक पन्नाशीच्या बाई ऑफिसात आल्या. पीएफच्या कागदावरची आणि आधारवरची जन्मतारीख जुळत नव्हती, दाखल्याची दुय्यम प्रत हवी होती. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "क्लार्क सर ना? तुम्ही अजून इथंच?" रजिस्टर काढलं. जन्मतारीख १ जून. अक्षर माझं. इयत्ता आठवी. शेवटचा रकाना, 'सतत गैरहजर, सबब नाव कमी.'

त्यांनी चष्मा लावून ओळ वाचली. सावकाश, बोट ठेवून. मग म्हणाल्या, "गैरहजर कुठं सर? मागच्या गल्लीतच होते की. आई आजारी होती, हजार विड्या पुऱ्या करायच्या होत्या. तुमची घंटा ऐकू यायची."

शाळा सोडल्यावर नोंदीत बदल करता येत नाही, तसा नियम आहे. दुय्यम प्रत मूळ नोंदीबरहुकूम द्यावी लागते. नव्या लिपिकानं तशीच दिली, मी शेजारी बसून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. पोच घेताना त्यांनी पेन मागितलं. सासरचं नाव लिहायला सुरुवात केली, थांबल्या, ते खोडलं, आणि दाखल्यावर होतं तसं वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव लावून, रेघेच्या बाहेर जाईल एवढ्या मोठ्या अक्षरात सही केली.