बंबातला कोळसा

नमस्कार मंडळी! आपल्या सातारा जिल्ह्यातला बोरीचा बार तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बघितला असेल. खंडाळा तालुक्यात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, सुखेड आणि बोरी या दोन गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांना उभ्या राहतात आणि हातवारे करकरून एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. वर्षातला तेवढा एक दिवस मुभा! बाकीचे 364 दिवस बाईनं तो राग ठेवायचा कुठं?

मी सहा वर्षं सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं केलं. त्या गेल्या तेव्हा घर माणसांनी भरलेलं, जो तो म्हणतोय किती केलंस गं, आणि माझ्या मनात एकच शब्द, सुटले. डोळ्यात टिपूस नाही. हे बोलणार कुणाजवळ? नवऱ्याजवळ तर नाहीच नाही.

तेरावं झाल्यावर एका दुपारी बंबातला विझलेला कोळसा घेतला आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं काढायला बसले. शाळेत एलिमेंटरी दिलेली, तेवढीच माझी चित्रकला. कॉट काढली, ती वाढत वाढत कागदभर झाली, आणि मी खाली कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी, तोंडच नाही मला. मग ती कॉट इतकी गिरवली, इतकी गिरवली की कागद फाटला. हात काळेकुट्ट झाले आणि तेव्हा कुठं रडू आलं, आणि रडता रडता आठवलं की डोक्याला तेल चोळताना त्या कशा डोळे मिटून घ्यायच्या. राग होता म्हणून माया नव्हती असं नाही हो.

पुढं स्पेनच्या गोया नावाच्या चित्रकाराबद्दल वाचलं. सत्तरी ओलांडलेला, कानानं ठार बहिरा, त्यानं 1820 च्या आसपास माद्रिदजवळच्या आपल्या राहत्या घराच्या भिंतींवर 14 चित्रं काढली, कुणी सांगितलं नव्हतं की कुणी पैसे देणार नव्हतं. एकात तर बाप पोटचं पोर खातोय! आज ती प्रादो म्युझियममध्ये आहेत.

तुम्ही काढाल तेव्हा चांगलं काढायला जाऊ नका, आणि नको वाटलं तर फाडून टाका. मी मात्र ठेवलंय.

गेल्या दिवाळीत ट्रंक आवरताना ते नणंदेच्या हाती लागलं. त्यांचीच आई ती, माझ्या पोटात गोळाच आला. त्या बराच वेळ बघत बसल्या, मग म्हणाल्या, "वहिनी, मलापण एक कागद द्या."