सी नावाची पट्टी

गोवंडी स्थानकाबाहेरच्या मटणाच्या दुकानात सकाळी साडेसहाला उभी असलेली ही तरुणी, आमच्या या माहितीपटातली संशोधक, घरच्या स्वयंपाकासाठी आलेली नाही. देवनारच्या कत्तलखान्यातून आलेला माल अजून टांगला जात आहे. “ताई, दिल चिरून देऊ का?” दुकानदार विचारतो आणि ती दर वेळेप्रमाणे सांगते, “नको दादा, अख्खंच द्या, आणि बर्फ जरा जास्त टाका.” मराठी कवितेत काळीज म्हणजे हृदय असले, तरी या लाकडी ओंडक्यावर कलेजी म्हणजे यकृत, हृदयाला इथे दिल म्हणतात, हे तिला पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी एका चुकीच्या पिशवीने शिकवले.

थर्मोकोलचा डबा मांडीवर घेऊन ती हार्बर मार्गाच्या सीएसएमटी लोकलमध्ये बसते. घाईला कारण आहे. बकऱ्याच्या या हृदयातील ज्या प्रथिनाचा ती अभ्यास करते, त्याचे नाव मायोसिन बाइंडिंग प्रोटीन सी. त्याचे वजन सुमारे 140 किलोडाल्टन (किलोडाल्टन हे रेणूंच्या वजनाचे एकक). रक्तपुरवठा थांबला, पेशीतले कॅल्शियम वाढले, की कॅल्पेन नावाचे विकर या प्रथिनाचा पुढचा भाग कापून टाकते आणि 40 किलोडाल्टनचा एक तुकडा सुटा होतो. बर्फामुळे ही कापाकापी मंदावते. लोकलला उशीर झाला की बर्फ पाणी होत जातो.

प्रयोगशाळेत पोहोचल्यावर काचेच्या थाळीत, पुन्हा बर्फावरच, डावी जवनिका, म्हणजे हृदयाचा डावीकडचा खालचा कप्पा, उघडली जाते. हिची भिंत उजवीपेक्षा कितीतरी जाड आहे, हे चित्रातही दिसते. स्नायूचे तुरीच्या डाळीएवढे तुकडे द्रव नायट्रोजनमध्ये पडताना येणारा चर्र आवाज मूळचा आहे, नंतर जोडलेला नाही. गोठलेले तुकडे चिनी मातीच्या खलबत्त्यात कुटून त्यांची पूड केली जाते. ती पूड थंड द्रावणात मिसळून, पेशींची आवरणे विरघळवणारे रसायन घालून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची, वरचे पाणी ओतून द्यायचे, पुन्हा द्रावण घालायचे, पुन्हा फिरवायचे. तळाशी शेवटी जो पांढुरका साका उरतो, त्यात मुख्यतः आकुंचनाचे दोर असतात. हे सगळे आम्ही चाळीस मिनिटे चित्रित केले. संकलनात त्यातली बावीस सेकंद उरली, आणि संशोधनातली बहुतेक वर्षे अशाच बावीस सेकंदांनी बनलेली असतात.

उंदीर का नाही, असा प्रश्न पडू शकेल, कारण जगभर या विषयातले पुष्कळ काम उंदरावरच झाले आहे. उंदराचे हृदय मिनिटाला 500 हून अधिक वेळा धडधडते आणि त्याच्या जवनिकेतले मायोसिन जलद जातीचे असते. माणसाचे, आणि एकूणच मोठ्या सस्तन प्राण्यांचे, सावकाश चालणारे असते.

आता सूक्ष्मदर्शकाखाली पाहू. हिरवे चमकणारे हे जोडपट्टे म्हणजेच ते प्रथिन, नेमक्या त्यालाच चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला जोडलेल्या रंगामुळे दिसणारे. दर दोन मायक्रोमीटरला एक जोडी येते, कारण हृदयपेशीतला आकुंचनाचा एकक, सार्कोमिअर, साधारण तेवढ्याच लांबीचा असतो. केसाच्या जाडीत असे तीस-पस्तीस मावतील. त्यात मायोसिनचे जाड तंतू आणि ॲक्टिनचे बारीक तंतू एकमेकांत सरकतात. मायोसिनची मुंडकी ॲक्टिनला धरतात, ओढतात, सोडतात. आपले प्रथिन जाड तंतूवर ठरावीक अंतराने बसलेले असते आणि काही मुंडक्यांना आवरून धरते, म्हणजे ते ब्रेकचे काम करते. दादरच्या पुलावरून धावत येऊन सुटणारी लोकल पकडणाऱ्या माणसाच्या शरीरात ॲड्रेनलिन सुटते, तेव्हा एक विकर या प्रथिनाच्या पुढच्या भागातील सेरीन या अमिनो आम्लाच्या तीन जागांवर फॉस्फेट चिकटवते, पकड सैल होते, हृदय जोराने आकुंचन पावते आणि लवकर सैलावतेही. या तिन्ही जागांपैकी कोणती किती पकड सोडते, हा तिच्या प्रबंधाचा विषय आहे.

‘सी’ या अक्षराची कहाणी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या काळी शुद्ध समजले जाणारे मायोसिन जेलमधून, म्हणजे जेलीसारख्या थरातून, विजेच्या प्रवाहाने सरकवले, की मुख्य पट्टीखाली आणखी काही पट्ट्या उमटत. त्यांना सरळ ए, बी, सी अशी अक्षरे देण्यात आली. 1971 च्या सुमारास जेराल्ड ऑफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातल्या सी पट्टीकडे नीट पाहिले, आणि भेसळ मानलेली ती पट्टी हे एक स्वतंत्र प्रथिन ठरले. त्याचे काम पुष्कळ नंतर कळू लागले. नाव मात्र जेलवरच्या क्रमाचेच राहिले.

आजही काम जेलवरच होते. जेलमधली प्रथिने एका पातळ पडद्यावर उतरवली, की तो पडदा दुधात बुडवतात. हे दूध म्हणजे वाण्याकडे मिळते तसलीच साय काढलेल्या दुधाची पावडर, पाच टक्के. पडद्यावरच्या रिकाम्या जागा दुधातली प्रथिने भरून टाकतात, म्हणून प्रतिपिंड भलतीकडे चिकटत नाही. फॉस्फेट शोधायचे असेल तेव्हा मात्र दूध बाजूला ठेवावे लागते, कारण दुधातल्या केसीनवर स्वतःचेच फॉस्फेट असते. हे पहिल्यांदा कळायला तिचा एक पूर्ण महिना गेला होता.

दुकानातून आणलेल्या बकऱ्याच्या स्नायूत जनुक बदलता येत नाही. त्यासाठी हा दुसरा कक्ष आहे. शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या प्रौढ पेशी मूळ पेशींसारख्या, म्हणजे कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकतील अशा, करून दाखवल्या. त्यासाठी 2012 चे नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासह मिळाले. अशा मानवी पेशींपासून या थाळीत हृदयपेशी घडवल्या आहेत, आणि त्यांच्यातल्या एका सेरीनच्या जागी ॲलनीन बसवले आहे, म्हणजे तिथे फॉस्फेट चिकटूच शकत नाही. दुसऱ्या आठवड्यात त्या आपोआप धडधडू लागतात. वेग बदललेला नाही. कॅमेऱ्याने टिपले तसेच हे आहे. या पेशी कोवळ्या, गर्भातल्या हृदयासारख्या असतात, म्हणून ताजे, पूर्ण वाढलेले हृदयही लागते आणि म्हणून गोवंडीही लागते.

पेशींना एक दिवसाआड ताजे पोषकद्रव्य द्यावे लागते. मेगाब्लॉकचा रविवार असो, गणपतीचा दीड दिवस असो, कोणीतरी येतेच, बहुधा तीच. तिच्या शिष्यवृत्तीचे पैसे एका वर्षी सात महिने आले नव्हते. त्याचे चित्रीकरण कसे करायचे हे आम्हाला सुचले नाही.

याच प्रथिनाच्या जनुकातली 25 अक्षरे गळालेली असण्याचे प्रमाण दक्षिण आशियातील लोकांत सुमारे चार टक्के आहे. हृदयस्नायूच्या विकाराशी त्याचा संबंध 2009 मध्ये दाखवला गेला, प्रत्येकालाच आजार होतो असे नाही, आणि हृदयस्नायूच्या एका विकारावर मायोसिनचा जोर कमी करणारे पहिले औषध अमेरिकेत 2022 मध्ये मंजूर झाले.

अंधारखोलीत लाल दिवा लागला आहे. मंगळवारी आणलेल्या हृदयाच्या प्रथिनांच्या पडद्यावरून उमटवलेली फिल्म ट्रेमध्ये हलत आहे. 140 च्या रेषेवर काळी, जाड पट्टी उमटते. सी जागेवर आहे. मग खाली, 40 च्या आसपास, आधी नसल्यासारखी आणि मग नक्की असलेली, एक फिकट पट्टी दिसू लागते. ती फिल्म दिव्यासमोर धरते, पाणी निथळू देते आणि वहीत मंगळवारच्या तारखेपुढे पेन्सिलने लिहिते: कुर्ला, गाडी थांबलेली, 35 मिनिटे.