जुन्या नाट्यगृहाचा आवाज

मंडळी, लहान गावातलं जुनं सभागृह कधीच एका कामासाठी बांधलेलं नसतं. सभा, नाच, नाटक, पुढे सिनेमा, सगळं एकाच छपराखाली. म्हणून जमीन सपाट, खुर्च्या हलवता येणाऱ्या आणि एका टोकाला साधारण मीटरभर उंचीचा लाकडी रंगमंच. मागच्या भिंतीत उंचावर दोन चौकोनी झरोके दिसले, तर तिथे प्रोजेक्टरची केबिन होती असं समजा. ते बुजवू नका.

दुरुस्तीची सुरुवात रंगापासून होते, ही पहिली चूक. सुरुवात छपरापासून, त्यातही पन्हळीपासून करायची. दोन उतार जिथे मिळतात तिथे पालापाचोळा साचतो, पाणी उलटं चढतं आणि भिंतीत उतरतं. त्याच भिंतीत कैच्यांची, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणी सांगाड्यांची, टोकं रुतलेली असतात. तुळई मधोमध ठणठणीत दिसते आणि भिंतीतलं टोक भुसा झालेलं असतं. टोकाशी स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर तिथे आधी टेकू द्या. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरण्याचा धोका वाढतो. रंगमंचाखालच्या हवेच्या जाळ्याही त्यासाठीच असतात. कचरा येतो म्हणून त्या लिंपल्या की फळ्या खालून कुजतात आणि वरून कुणाला पत्ता लागत नाही.

भिंत चुन्यात बांधलेली असेल तर गिलावाही चुन्याचाच हवा. एक भाग चुना, तीन भाग वाळू, पातळ थर, आणि प्रत्येक थर काही दिवस ओलसर ठेवायचा. सिमेंट लावलं की आतला ओलावा कोंडतो, क्षार विटेच्या पृष्ठभागामागे साचतात आणि विटेचा पापुद्रा सुटतो.

आगीचं सांगायलाच हवं. १८८१ साली लंडनच्या सॅव्हॉय थिएटरमध्ये विजेचे दिवे आले. त्याच वर्षी व्हिएन्नाचं गॅसच्या दिव्यांचं रिंग थिएटर जळालं. पण वीज आली म्हणून धोका संपला नाही. १९०३ साली शिकागोच्या इरोक्वाय थिएटरमध्ये ठिणगी विजेच्याच दिव्यातून उडाली. आगरोधक पडदा मध्येच अडकला, बाहेर पडण्याचे दरवाजे उघडेनात, सहाशेहून अधिक माणसं गेली. म्हणून दरवाजे बाहेर उघडणारे आणि आतून ढकलताच सुटणारे हवेत. जुन्या वायरिंगवर नवे दिवे लादू नका. रंगमंचाला स्वतंत्र सर्किट द्या.

आता आवाज. जतनाच्या नावाखाली सर्वांत जास्त नासतो तो हाच. १८९५ च्या सुमारास हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबीन यांना एक व्याख्यानगृह सुधारायला दिलं होतं. तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. रात्री ऑर्गनची नळी वाजवून, गाद्या आणून-काढून त्यांनी मोजमाप केलं. त्यातून निघालेला नियम सोपा आहे: घुमण्याचा वेळ (सेकंदांत) म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ (घनमीटरमध्ये), भागिले एकूण शोषण, म्हणजे भिंती, सामान आणि माणसं मिळून आवाज किती गिळतात ते (चौरस मीटरमध्ये).

२० मीटर लांब, १२ रुंद, ७ उंच सभागृह घ्या. घनफळ १६८० घनमीटर. भिंती, लाकूड मिळून शोषण ११० धरलं, तर रिकाम्या सभागृहात आवाज अडीच सेकंद घुमतो. ३५० माणसं बसली, माणशी ०.४५ धरलं, की तोच एक सेकंदावर येतो. बोलण्याला हेच हवं. म्हणजे सभागृह भरल्यावर चांगलं वाजावं असंच ते घडलेलं आहे. रिकाम्यात टाळी वाजवून 'घुमतंय' म्हणायचं आणि साडेचार मीटरवर मऊ फॉल्स सीलिंग ठोकायचं, की भरलेल्या सभागृहात वेळ अर्ध्या सेकंदाच्याही खाली जातो. छतावरून परतणारा आवाज संपतो आणि शेवटच्या रांगेसाठी नटाला माइक बांधावा लागतो. वर छप्पर गळतंय हेही मग दिसत नाही.

म्हणून काहीही तोडण्यापूर्वी रंगमंचावर एक मोठा फुगा फोडा. पहिली रांग, मधली, शेवटची आणि सज्जाखालची जागा, अशा चार ठिकाणी ध्वनिमुद्रण करा; एकदा रिकाम्यात, एकदा प्रेक्षक असताना. त्यावर तारीख घाला. काम झाल्यावर त्याच जागांवरून पुन्हा मुद्रण करून ताडून बघा.