गॅसचं ग्रिल घेताना बर्नर बघा

श्रोते हो, नमस्कार.

थंडी पडली की आपल्या खानदेशात जो तो भरताचा बेत आखतो. शेतात कपाशीच्या काड्या पेटतात, हिरवी लांबट वांगी विस्तवात जातात आणि बडगीत मिरच्या-लसूण कुटल्याचा आवाज सुरू होतो. पण जळगाव-धुळ्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी काड्या पेटवायच्या कुठे? मग गच्चीवर ठेवायला गॅसचं ग्रिल घ्यावं का, कोणतं घ्यावं, जास्त पैसे न घालवता जमेल का, असं लोक मला विचारतात. माझा धंदा गॅस शेगड्या दुरुस्त करण्याचा, त्यामुळे मी ग्रिल बघतो ते दुरुस्तीच्या बाजूनं. त्याच बाजूनं आज चार गोष्टी सांगतो.

ग्रिल फक्त भरतासाठी हवं असेल तर घेऊ नका, हे आधीच सांगून टाकतो. गॅसच्या ज्योतीला धूर नसतो. ग्रिलवरच्या पदार्थाला जो धुरकट वास येतो, तो पदार्थातला रस आणि तेल खालच्या तापलेल्या पत्र्यावर पडून जळतं त्याचा. वांगं तर सालीसकट अख्खं भाजायचं, त्यातून खाली गळणार किती? काड्यांच्या धुराची चव त्यात येणार नाही. घरच्या शेगडीवर जाळी ठेवून भाजलेलं वांगं आणि महागड्या ग्रिलवर भाजलेलं वांगं यांत मला तरी मोठा फरक लागलेला नाही. शेगडीवर भाजाल तेव्हा बर्नरवर गळलेलं पाणी गार झाल्यावर लगेच पुसा, एवढीच विनंती. भोकं बुजलेले निम्मे बर्नर माझ्याकडे भरताच्या मोसमातच येतात!

ज्यांना चार-पाच माणसांपुरतं पनीर, ढोबळी मिरची, मक्याची कणसं भाजायची आहेत, त्यांनी बिडाचा खाचांचा तवा घ्यावा, किंवा शेगडीवर ठेवायचा गॅस तंदूर घ्यावा. पदार्थ चांगला होतो, खर्च थोडा आणि ठेवायला जागाही फारशी लागत नाही. सुटीला घरात दहा-बारा माणसं जमतात, मोकळी गच्ची किंवा अंगण आहे, कोंबडी-मासळी होते, अशा घराला मात्र ग्रिलचा उपयोग आहे.

आता दुकानात चला. दुकानदार पहिल्यांदा बीटीयूचा आकडा सांगेल, वीस हजार, तीस हजार. हा आकडा म्हणजे ग्रिल तासाला किती उष्णता देईल त्याचं माप, आणि तेवढाच गॅसही जाळणार. वीस हजार बीटीयूचं ग्रिल पूर्ण मोठं ठेवलं तर तासाला साधारण साडेचारशे ग्रॅम गॅस खातं. घरातली १४.२ किलोची टाकी अशानं तीसेक तासांत संपेल. म्हणून नुसता मोठा आकडा बघून भुलू नका, तो जाळीच्या क्षेत्रफळानं भागा. जाळी २० इंच लांब आणि १२ इंच रुंद असेल तर २४० चौरस इंच झाली. वीस हजाराला २४० नं भागलं की ८३ येतात. चौरस इंचाला ८० ते १०० बीटीयू मिळत असतील तर भाजणी नीट होते. फक्त जाळी स्वतः मोजा, कारण खोक्यावरच्या क्षेत्रफळात वरची पदार्थ गरम ठेवायची छोटी फळीही धरलेली असते.

बर्नर दोन हवेत. एकाच बर्नरच्या ग्रिलमध्ये सगळीकडे सारखीच आच, त्यामुळे कोंबडी बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते. दोन असले की एक मोठा ठेवायचा, दुसरा बंद किंवा बारीक, आणि भाजून झालेला तुकडा झाकणाखाली बंद बाजूला सरकवायचा. तीन-चार बर्नरची चैन मोठ्या कुटुंबालाही क्वचितच लागते. बाजूची जादा शेगडी, दिवा, झाकणावरचं तापमापक यांवर पैसे घालू नका. ते तापमापक झाकणाजवळची हवा मोजतं, जाळीवर काय चाललंय ते त्याला कळत नाही.

वाचलेले पैसे बर्नर आणि जाळीत घाला. ग्रिलमध्ये सगळ्यात आधी मरतो तो बर्नर. बर्नरची नळी हातात घ्या. पत्रा पातळ असला तर बोटांना कळतो. बर्नरच्या वर उताराची पत्र्याची झाकणी आहे ना, ते बघा. ती नसली तर रस थेट भोकांत. स्टीलची परीक्षा लोक चुंबकानं करतात. चिकटला तर बहुधा ४३० ग्रेड, ते स्टील लवकर गंजतं. चिकटला नाही तर चांगल्यातलं ३०४ असेल असं वाटतं, पण स्वस्तातलं २०१ ग्रेडचं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून मागा. दुकानदार कां-कूं करायला लागला की समजा.

जाळी बिडाची मिळाली तर उत्तम. तापायला वेळ लागतो, पण एकदा तापली की आच धरून ठेवते. धुऊन ओली ठेवाल तर गंजेल. पुसून वर तेलाचा हात फिरवायचा. बिडाचा तवा वापरणाऱ्या घरात हे कुणी शिकवायला नको. मुलामा दिलेली जाळी दिसायला छान, पण एक टवका उडाला की तिथून गंज सुरू. पातळ तारेची चकचकीत जाळी घेऊच नका.

परदेशी बनावटीचं ग्रिल स्वस्तात मिळालं तर त्याच्यावरची पट्टी वाचा. आपलं घरगुती रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबार दाबानं गॅस देतं. पट्टीवर ५० लिहिलं असेल तर ज्योत मरगळलेली राहील. मग कुणी सुईनं जेटचं, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीचं, भोक मोठं करून देतो म्हणेल. करू देऊ नका, त्यात ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि कधी भडकतेही. भट्टीवाल्यांचं जास्त दाबाचं रेग्युलेटर तर घरच्या ग्रिलला कधीच लावायचं नाही. टाकीपासून ग्रिलपर्यंतची गॅसची नळी नारिंगी रंगाची, आत तारेची जाळी असलेली, आयएसआय शिक्क्याची घ्या आणि पाच वर्षांनी बदला.

जागेचंही बघा. खोलीत किंवा काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत ग्रिल लावायचं नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असते, गळली तर जमिनीलगत साचते आणि दिसत नाही. टाकी उभीच ठेवायची. आपल्याकडे एप्रिल-मेचं ऊन काय असतं ते भुसावळकरांना विचारा, तेव्हा टाकी उन्हात नकोच. पेटवताना झाकण उघडं हवं. एक-दोन प्रयत्नांत पेटलं नाही तर गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायचं, काडी ओढून बघायचं नाही. गळतीचा वास आलाच तर १९०६ या क्रमांकावर फोन करा.

आणि एक गोष्ट खोक्यावर कुणी छापत नाही. पावसाळ्यात ग्रिल तीन-चार महिने झाकून पडलेलं असतं. तेवढ्यात कोळी बर्नरच्या नळीत जाळं विणतो, कुंभारमाशी मातीचं घर बांधते. थंडीत तुम्ही हौसेनं पेटवता, गॅस पुढं सरकत नाही, मागं फिरतो आणि बटणाजवळ पेट घेतो. दिवाळीनंतर पहिल्यांदा वापरायच्या आधी टाकी सोडवा, बर्नर काढा, जाड तारेला फडकं गुंडाळून नळी साफ करा आणि भोकं ब्रशनं घासा. अर्धा तास पुरतो. जुनं ग्रिल विकत घेणार असाल तर तेही आधी असंच उघडून बघायचं. बर्नरची नळी आतून भोकं पडून खाल्लेली दिसली आणि सुटा बर्नर बाजारात मिळत नसला, तर कितीही स्वस्त देवो, घेऊ नका.

नमस्कार.